उंदीर, मुंगूस आणि कॉम्प्युटरचं कुंपण

एका जंगलात मोहाच्या झाडाखाली लहान जनावरांची एक शाळा भरत असे, आणि त्या शाळेत कॉम्प्युटर होते. हात खाली कर रे, मागच्या बाकावरच्या! जंगलात कॉम्प्युटर कुठून आले, हेच विचारणार ना? उंदीर बोलतो, मुंगूस चिंचा विकतो, हे सगळं तुला चालतं आणि कॉम्प्युटर म्हटलं की लगेच शंका. गप्प बसा आणि ऐका. आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट गोड नाही. शेवटी सगळे सुखाने नांदू लागले वगैरे काही होणार नाही. ज्याला तसलं ऐकायचं असेल त्याने खुशाल मैदानावर खेळायला जावं.

कॉम्प्युटर आणले होते ते एका कामासाठी. उंदीर, ससे, खारी यांच्या आया एका घरात फार दिवस राहत नाहीत. बिळात वास साठला की त्या वासाने शिकारी येतो. म्हणून आया पिल्लांना तोंडात धरून वरचेवर दुसरीकडे हलवतात. आता सकाळी जे पोर करवंदीच्या जाळीखालून शाळेत आलं, त्याचं घर संध्याकाळी ओढ्याकाठी गेलेलं असायचं. पोर बिचारं सवयीने जुन्या बिळात शिरायचं, आणि तिथे कुणी भलताच बसलेला असायचा. अशी कितीतरी पोरं गेली. मग शाळेने ठरवलं, की घर हलवलं की आईने दुपारी मोबाइलवरून शाळेला निरोप धाडायचा, आणि शाळा सुटताना टिटवीबाईंनी त्या पोराला घराचा नवा पत्ता सांगायचा. मोठ्याने नाही हं, कानात.

टिटवीबाई कॉम्प्युटर शिकवायच्या. वर्गात त्या इतक्या हळू बोलायच्या की मागच्या बाकांना ऐकू येत नसे. पण एकदा का त्या आभाळात झेप घेऊन ओरडल्या की ते ओढ्यापलीकडे जायचं. टिटवी ओरडली म्हणजे शिकारी निघाला, हे जंगलातल्या प्रत्येक आईला ठाऊक होतं. पहिल्या हाकेलाच आया पिल्लं उचलून पळत सुटायच्या.

तर ते निरोप शाळेच्या कॉम्प्युटरवर यायचे, म्हणून त्या कॉम्प्युटरना कुंपण घातलेलं होतं. काही वेबसाइट उघडायच्या, पुष्कळशा उघडायच्याच नाहीत. न उघडणारी उघडायला गेलं की स्क्रीनवर लाल अक्षरांत 'प्रवेश नाही' असं यायचं. बाहेरच्या कुणाला आत शिरून आयांचे निरोप वाचता येऊ नयेत, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता. हे मुख्याध्यापक कासवसरांना माहीत होतं. टिटवीबाईंना माहीत होतं. पोरांना? पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं. टिटवीबाईंनी एकदा विचारून पाहिलं होतं, "सर, कुंपण कशासाठी आहे ते मुलांना समजावून सांगू का?"

"कारणं सांगत बसलो तर शाळा कधी चालवायची?" कासवसर म्हणाले. "नियम सांगा. तेवढं पुरे."

बाई गप्प बसल्या. त्यांचंही चुकलंच ते. मग कॉम्प्युटरच्या खोलीवर मोठी पाटी लागली : 'कुंपण ओलांडणाऱ्यास शाळेतून कायमचे काढून टाकण्यात येईल.'

आणि काढलंही हो! आदल्याच वर्षी साळिंदराच्या पोराने कुंपणाखालून पलीकडे जाऊन एक गाणं ऐकलं होतं. कुणाला पत्ताही लागला नव्हता. पण त्या पोराला चैन पडेना. ते आपल्या पायांनी कासवसरांकडे गेलं आणि म्हणालं, "सर, माझं चुकलं." सरांनी पाटीकडे बोट दाखवलं आणि त्याचं दप्तर फाटकाबाहेर ठेवलं. त्या दिवशी अख्ख्या शाळेने एक धडा घेतला. चूक करू नये, हा का? छे! चूक कबूल करू नये, हा.

या शाळेत एक उंदीर शिकत असे. चटपटीत, हुशार, आणि जरा आगाऊच. त्याच्या आईला नुकतीच पिल्लं झाली होती. गुलाबी, बोटाच्या पेराएवढी, डोळे मिटलेली चार पिल्लं. उंदराचा त्यांच्यावर भारी जीव. शाळेतून घरी गेला की आधी चौघांना एकेक करून हुंगायचा, मग दप्तर ठेवायचा. "मला ओळखतात ती," असं वर्गात सांगायचा. अहो, त्यांचे डोळे उघडले नव्हते, ती कुणाला ओळखणार! पण हा सांगायचा, आणि ऐकणाऱ्यांना ते खरं वाटायचं.

एकदा टिटवीबाईंनी विज्ञानाचा प्रकल्प दिला. उंदराने विषय निवडला, 'साप कसा ऐकतो?' घरात लहान भावंडं, तेव्हा हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं, असा त्याचा विचार. विषय चांगलाच होता की! पण त्याने कॉम्प्युटरवर 'साप' लिहिलं, तर लाल अक्षरं. 'नाग' लिहिलं, तरी लाल अक्षरं. 'सरपटणारे प्राणी' लिहून पाहिलं, पुन्हा तेच. पोरं घाबरतील म्हणून कासवसरांनी सापच बंद करून टाकला होता. ज्या जंगलात पावलापावलाला साप, तिथल्या शाळेत सापाविषयी वाचायला बंदी. धन्य आहे!

उंदीर टिटवीबाईंकडे गेला. बाई कासवसरांकडे गेल्या.

"सर, त्याला खरोखरच अभ्यासासाठी हवं आहे. तेवढं एक पान उघडून द्या ना."

"बघू," कासवसर म्हणाले. "आज साप उघडा म्हणतील, उद्या बोका उघडा म्हणतील. बघू."

आता कासवाचं 'बघू' म्हणजे काय ते तुम्हीच समजा. प्रकल्प द्यायची तारीख जवळ आली. वहीत नुसता विषय लिहिलेला, खाली सगळं कोरं. उंदराचं तोंड उतरलं.

शाळेच्या फाटकाबाहेर एक मुंगूस टोपली घेऊन बसत असे. चिंचा, बोरं, मीठ लावलेले आवळे. मुंगूस सापाचा वैरी, त्यामुळे लहान जनावरांना तो आपल्यातलाच वाटायचा. मुंगूस उंदीरही खातो, हे घरोघरी ठाऊक होतं. पण फाटकाशी मांडी घालून बसलेला, "ये रे बाळा" म्हणणारा, उरलीसुरली बोरं वाटून टाकणारा मुंगूस उंदीर खात असेल, असं कुणाच्या मनातच येईना. कासवसरांचं म्हणणं असं, की फाटकाबाहेर काय चालतं ते बघणं शाळेचं काम नाही.

"काय रे, तोंड एवढंसं करून कुठे निघालास?" मधल्या सुट्टीत मुंगसाने हाक मारली.

"प्रकल्प आहे, मुंगूसकाका. सापावर. पण कॉम्प्युटर काही उघडूच देत नाही."

"शाळेत साप बंद? कमाल आहे बुवा तुमच्या सरांची!" मुंगूस खो खो हसला. मग त्याने उंदराकडे निरखून पाहिलं. "तू उंदराचाच ना रे? मग कुंपणाला अडतोस होय? तुझा आजा असता तर एव्हाना खालून उकरून पलीकडे जाऊन जेवूनही आला असता."

हे मात्र उंदराला झोंबलं. मुंगसाने टोपलीच्या तळाशी हात घातला आणि एक पेनड्राइव्ह काढला.

"हे घे. याला भुयार म्हणतात. कॉम्प्युटरला लाव, की कुंपणाखालून थेट पलीकडे. ना तुझ्या सरांना दिसणार, ना बाईंना."

"आणि याचे तुम्हाला काय द्यायचे?"

"काका म्हणतोस आणि द्यायचं विचारतोस? फुकट ने. वर ही चिंच घे."

फुकट! अरे, चिंचेच्या एका बुटुकासाठी पोरांशी हुज्जत घालणारा हा मुंगूस, एवढी मोठी वस्तू फुकट का देतो? हा साधा प्रश्न त्या हुशार डोक्यात यायला हवा होता. नाही आला. चिंच चोखत चोखत उंदीर वर्गात गेला.

आता उंदराच्या घरी एक शिस्त होती, ती सांगतो. बिळाला कुणीही नवं तोंड पाडलं, की त्याने त्याच घटकेला घरात येऊन सांगायचं. मग ते तोंड बुजवेपर्यंत घरातलं कुणीतरी तिथे पहाऱ्याला बसायचं. कारण नव्या तोंडाने आपण बाहेर पडतो, तसं दुसरं कुणी आतही येतं. या उंदरानेही आजवर नवी तोंडं पाडली होती, आणि दर वेळी धावत जाऊन आईला सांगितलं होतं. पण कॉम्प्युटरचं कुंपण काही मातीचं नव्हतं. त्याला वाटलं, हे भोक वेगळं. यातून जाणार तो फक्त मी. मातीत इतकं शहाणपण दाखवणारी जात, पण काचेपुढे बसली आणि सगळं विसरली!

त्याच्या शेजारी खार बसायची. उंदराने पेनड्राइव्ह लावला. स्क्रीनवर एक चौकट आली : 'या कॉम्प्युटरवरील सर्व काही पाहण्याची परवानगी द्यावी.' खाली 'होय' आणि 'नाही'.

"सर्व काही म्हणजे काय काय रे?" खारीने विचारलं.

"सगळीकडे असंच लिहिलेलं असतं. कोण वाचतं! दाब 'होय'."

खारीने दाबलं.

आणि खरंच, साप उघडला! सापाला बाहेर दिसणारे कान नसतात, तो जमिनीची थरथर जबड्याने ओळखतो, असं सगळं उंदराने वाचून काढलं. घरी जाऊन पिल्लांपुढे म्हणून दाखवलं, "साप जवळ आला की पाय आपटायचे नाहीत, समजलं का?" प्रकल्प झकास झाला. टिटवीबाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. हे सगळं कुठून मिळालं, असं त्यांनी विचारलं तेव्हा उंदीर म्हणाला, "मुंगूसकाकांकडून." ते तसं पाहिलं तर खोटंही नव्हतं.

प्रकल्प संपला, तेव्हा भुयार काढून टाकायचं होतं ना? कुठलं! बोक्याला चकवायचा एक खेळ सापडला. मग गाणी सापडली. मग सशाच्या पोरांना शर्यती बघायच्या होत्या. मधल्या सुट्टीत उंदराभोवती ही गर्दी! काल ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्याच्यासाठी आता पोरं जागा धरून ठेवू लागली. खार एकदा म्हणाली, "आपण बाईंना सांगून टाकू या का?" तर सगळे तिच्यावर तुटून पडले. "भित्री कुठली! साळिंदर विसरलीस वाटतं?" खार पुन्हा बोलली नाही.

मग एक दिवस सशाचं एक पोर रडत शाळेत आलं. त्यांच्या घरावर धाड पडली होती. आदल्या दुपारीच हलवलेलं घर, वास लागायलासुद्धा वेळ झाला नव्हता, तरी शिकारी नेमका तिथेच पोचला. मोठी मंडळी म्हणाली, नशीब. उंदराने ते ऐकलं. त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं, आणि मग मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. तुम्हालाही येतं ना हे असं दुसरीकडे पाहायला? येतं, येतं. मला माहीत आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती दुपार आली. टिटवीबाई दुसऱ्या वर्गाला घेऊन मैदानावर होत्या. खोलीत उंदीर आणि खार दोघंच खेळ खेळत होती. आईचा निरोप आला की स्क्रीनच्या कोपऱ्यात एक मिटलेलं पाकीट यायचं, त्यावर पोराचं नाव असायचं. बाईंनी निरोप वाचला की पाकीट उघडं दिसायचं. तर त्या दुपारी कोपऱ्यात पाकीट आलं, त्यावर उंदराचं नाव. मिटलेलं होतं. आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते उघडलं.

खारीचा हात मांडीवर होता. उंदराचा हात दप्तरावर होता. टिटवीबाई मैदानावर होत्या. मग निरोप वाचला कुणी?

उंदराने तो उघडून पाहिला. आईने लिहिलं होतं, 'आज पिल्लांना बांबूच्या बेटामागच्या पडक्या वारुळात हलवलं आहे. मी दाणे आणायला जाते आहे. शाळा सुटली की त्याला वारुळाकडे पाठवा.'

त्याने खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. मुंगूस आपल्या मोबाइलकडे बघत बसला होता. बघता बघता त्याने मान वर केली, टोपलीवर फडकं टाकलं, टोपली फाटकाच्या आडोशाला सरकवली, आणि निघाला. शाळा सुटायची वेळ म्हणजे त्याच्या विक्रीची वेळ, ती सोडून निघाला. बांबूच्या बेटाच्या दिशेने निघाला.

"अरे, जा ना!" खार ओरडली. "बाईंना सांग! त्या एकदा ओरडल्या तरी तुझ्या आईला ऐकू जाईल!"

अगदी बरोबर होतं तिचं. एक हाक, बस्स. दाणे टाकून आई धावली असती. मुंगूस बेटापर्यंत पोचायच्या आत पिल्लं दुसरीकडे गेली असती.

उंदीर धावत दारापर्यंत गेला. दारावर ती पाटी. ओसरीत टिटवीबाई नुकत्याच मैदानावरून आल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी उभे होते कासवसर.

"काय रे? तास चालू असताना बाहेर?" कासवसरांनी विचारलं.

उंदराने तोंड उघडलं. चार पिल्लं त्याच्या डोळ्यांपुढे होती. आणि फाटकाबाहेर ठेवलेलं साळिंदराचं दप्तरही होतं.

"काही नाही, सर," तो म्हणाला. "पाणी प्यायला आलो होतो."

पाणी प्यायला! अरे करंट्या! मी इतकी वर्षं ही गोष्ट सांगतो आहे, आणि इथे आलं की दर वेळी मला वाटतं, या खेपेला तरी तो बोलेल. टिटवीबाई हातभर अंतरावर होत्या रे! पण तो खरंच माठापाशी गेला आणि खरंच पाणी प्यायला. मग परत खोलीत येऊन त्याने घाईघाईने पेनड्राइव्ह उपसला, भुयार पुसून टाकलं, आणि पेनड्राइव्ह गटारात फेकून दिला. जणू आता भोक बुजलं! जे बाहेर गेलं होतं ते काय परत येणार होतं? मग त्याने मागच्या भिंतीखालून अंग काढलं आणि एकटाच घराकडे पळत सुटला.

खार खोलीत बसून राहिली. तिने का नाही सांगितलं? 'होय'वर बोट तिचं होतं ना! ती रडली, उठली, पुन्हा बसली. शेवटी राहवेना, तेव्हा ती बाहेर धावली आणि कासवसरांच्या देखत टिटवीबाईंना सगळं सांगून मोकळी झाली. बाईंनी एक शब्द विचारला नाही. त्या थेट आभाळात झेपावल्या आणि ओरडल्या.

ती हाक उंदराला ऐकू आली, तेव्हा तो पडक्या वारुळाच्या तोंडाशी उभा होता. आत गवताची गादी होती. गादी अजून उबदार होती. पिल्लं नव्हती. तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. कोपरे हुंगले. गवत उपसून पाहिलं. कुठेही काही नव्हतं.

इतक्यात त्याची आई धापा टाकत आली. टिटवीची हाक ऐकून ती शेतातून जिवाच्या आकांताने धावत आली होती. वारुळाच्या तोंडाशी आपला थोरला दिसला, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"तू आधी पोचलास? हाक ऐकून पिल्लं हलवलीस ना?" ती म्हणाली. "शहाणं गं माझं बाळ! कुठे ठेवलीस?"

उंदराने रिकाम्या वारुळाकडे पाहिलं.

"अरे, कुठे ठेवलीस सांग ना. त्यांना दूध पाजायचं आहे."

मग त्याने सांगितलं. भुयार, मुंगूस, पाकीट, ओसरी, सगळं सांगितलं. आईने ते उभ्यानेच ऐकलं. पाणी प्यायल्याचं त्याने सांगितलं, तेव्हा ती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी कासवसरांनी सगळी शाळा झाडाखाली बसवली. उंदीर पुढे उभा, खार त्याच्या शेजारी. उंदराची आईही आली होती.

"नियम स्पष्ट होता," कासवसर म्हणाले. "दोघांनाही काढण्यात येत आहे."

टिटवीबाई उभ्या राहिल्या. "सर, काल हा पोरगा ओसरीत आला होता. सांगायलाच आला होता. मी तिथेच होते. तो बोलला असता तर मी ओरडले असते, आणि ती पिल्लं आज जिवंत असती."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही होतात म्हणून."

मग उंदरीण पुढे आली. ती रडत नव्हती.

"काढा त्याला," ती म्हणाली. "त्याची चूक आहे, आणि ती मी जन्मात विसरणार नाही. पण सर, मला एक सांगा. ते कुंपण आमच्या निरोपांसाठी होतं, त्यात माझी पिल्लं होती, हे या पोरांना कुणी कधी सांगितलं होतं का? बिळाचं तोंड का बुजवायचं, हे मी माझ्या पोराला तो रांगत होता तेव्हाच सांगितलं होतं. त्याने ते कधी मोडलं नाही."

कासवसरांनी हळूहळू मान आत घेतली, पाय आत घेतले, आणि सभा तिथेच संपली. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी तोच नियम लिहिलेली दुसरी पाटी रंगवायला सांगितली, पहिलीपेक्षा मोठ्या अक्षरांत.

आणि मुंगूस? त्याचं काय व्हायचं आहे! या फाटकाशी बसायला त्याला मनाई झाली. आता तो ओढ्यापलीकडच्या शाळेच्या फाटकाशी बसतो. चिंचा चांगल्या असतात म्हणे. पोरं त्याला काकाच म्हणतात.

टिटवीबाईंनी मात्र त्यानंतर कुणाची परवानगी विचारली नाही. दर वर्षी पहिल्या तासाला त्या नव्या पोरांना कुंपण कशासाठी आहे ते सांगतात. सापाचं पानही त्यांनी भांडून उघडून घेतलं. आणि वर सांगतात, "तरीही कुणी भोक पाडलंच, तर धावत माझ्याकडे यायचं. मी आधी उडून हाक देईन. तुम्हाला रागवायचं ते नंतर बघू." पण काही पोरं अजूनही बाईंचा आवाज सोडून पाटीच वाचतात.

पुढे उंदरिणीला पुन्हा पिल्लं झाली. उंदीर आता मोठा झाला होता, ओढ्याकाठी वेगळ्या बिळात राहत होता. आई त्याला रोज भेटायला यायची. त्याला दाणे आणून द्यायची, त्याच्या अंगाला लागलेली कुसळं काढून द्यायची. पण पिल्लं कुठे आहेत हे ती त्याला सांगत नसे. ती निघाली की तो तिच्यामागे चार पावलं जायचा, आणि ती थांबून तो परत फिरेपर्यंत उभी राहायची.

एकदा त्याला अगदी राहवलं नाही. तो म्हणाला, "आई, मला एकदा त्यांना बघू दे ना. घर कुठे आहे तेवढं सांग. शपथ घेतो, मी कुणालाही सांगणार नाही."

आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"तेव्हाही तू कुणाला सांगितलं नव्हतंस," ती म्हणाली, आणि गवतात शिरून निघून गेली.

तात्पर्य : आपण पाडलेल्या भोकातून आत कोण येईल हे आपल्या हातात नसतं, म्हणून भोक पाडू नये; आणि पाडलंच, तर शिक्षा काय होईल ते मोजत न बसता आधी तोंड उघडावं. मोठ्यांसाठी वेगळं तात्पर्य सांगत नाही. लाज असेल तर त्यांना ते कळलं असेल.